सोवळ्यातली कादंबरी

कादंबरी कशी लिहावी, हे मला ठाण्या-कल्याणातल्या झाडून सगळ्या शहाण्यांनी सांगितलेलं आहे. त्यातल्या एकानेही कादंबरी लिहिलेली नव्हती, त्यामुळे सांगताना कोणी कुठे अडखळलं नाही. मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. टेंभीवर आमचं भाड्याचं घर होतं. पुढे ओसरी, आत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या दारी विहीर. घरात वडील, माझी बायको, आणि माझी आत्या. आई मी लहान असतानाच गेलेली. आत्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हा केस उतरवून जी माहेरी आली, ती कायमची. आम्ही कल्याणचे, वडिलांच्या नोकरीपायी ठाण्याला आलो, आणि आमच्याबरोबर आत्याही आली.

त्या काळी कादंबरीचं खूळ नुकतंच निघालेलं होतं. इंग्रजी शाळेत चार बुकं शिकलेल्या प्रत्येकाला वाटे की आपल्या पोटात एक कादंबरी आहे. मलाही वाटलं. माझा एक मित्र कल्याणला शाळामास्तर होता. रविवारी सकाळी तो आगगाडीने ठाण्याला यायचा, आणि आम्ही दोघे मासुंद्याच्या तळ्याकाठी बसून आमच्या न लिहिलेल्या कादंबऱ्यांची चर्चा करायचो. मास्तरांची प्रस्तावना तयार होती. अर्पणपत्रिका तयार होती, ती इतकी गळेपडू होती की ज्यांना अर्पण करायची त्या साहेबांनी वाचली असती तर लाजून विलायतेला परत गेले असते. एवढंच नव्हे, शुद्धिपत्रसुद्धा तयार होतं. पुस्तकात कुठल्या चुका पडणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. फक्त पुस्तक तेवढं लिहायचं राहिलं होतं.

मीही काही मागे नव्हतो. माझी प्रस्तावना मी सबंध एक वर्ष घोटत होतो. मजकूर का सरकत नाही म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणाले, स्फूर्ती नाही. मग स्फूर्तीच्या मागे लागलो. कोणी सांगितलं पहाटे उठा; उठलो, आणि कचेरीत टेबलावर डोकं टेकून झोपलो. कोणी सांगितलं ब्राह्मीचा रस घ्या. घेतला, आणि दोन दिवस परसाकडेच्या वाऱ्या केल्या. कोणी म्हणालं खाडीवर जा, चांदण्यात बसा. गेलो, बसलो. चांदणं होतं, पण डास त्याहून जास्त होते. अंगभर डासांच्या गांधी घेऊन घरी आलो आणि नायिकेच्या मुखचंद्राबद्दल एक ओळ लिहिली. तीही दुसऱ्या दिवशी खोडली.

नायिका कोण, हे मात्र ठरलेलं होतं. मास्तरांचं म्हणणं पडलं की राजपुत्र, भुयारं, जादूच्या अंगठ्या हे सगळं आता शिळं झालं. आता बोधपर पाहिजे, समाजाच्या डोळ्यांत अंजन पाहिजे. तेव्हा नायिका बालविधवा. त्या काळच्या कादंबरीत बालविधवेला जायला वाटा दोनच होत्या, एक पुनर्विवाह आणि दुसरी विहीर. पुनर्विवाह लावला तर लेखकाला जातीबाहेर बसावं लागे. विहिरीत ढकलली तर मात्र कोणाची हरकत नसे. सुधारक हळहळत आणि जुने लोक सुटकेचा श्वास सोडत. मी अर्थातच विहीर घेतली. मास्तर म्हणाले, शेवट फक्कड आहे, आता मधलं तेवढं लिही.

मधलं लिहायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. वडिलांचा कादंबऱ्यांवर भारी राग. ते कचेरीतून निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि दिवसभर ओसरीवरच्या झोपाळ्यावरून घरावर अंमल चालवीत. कादंबरी वाचणाऱ्या माणसाचा मेंदू पातळ होतो असं त्यांचं ठाम मत होतं. मी मुंबईहून आणलेली एक कादंबरी त्यांनी अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातली होती. पाणी मात्र चांगलं कढत झालं, असं त्या दिवशी ते मुद्दाम दोनदा म्हणाले.

म्हणून मी एक युक्ती काढली, आणि ती इतकी अक्कलहुशारीची होती की पुढचे सगळे हाल त्यातूनच झाले. कादंबरी मी पोथीसारख्या आडव्या सुट्या पानांवर लिहायला घेतली. खालीवर दोन पाट्या ठेवल्या, तांबड्या बासनात बांधली, आणि देवघरातल्या फळीवर इतर पोथ्यांच्या शेजारी ठेवून दिली. आमच्या घरी अंघोळ केल्याशिवाय पोथीला कोणी बोट लावत नसे, आणि अंघोळ केल्यावर बोट लावायचं कोणाला कारण नसे. वडिलांना सांगितलं की मास्तरांना कल्याणात एक जीर्ण पोथी सापडली आहे. ते थोडी थोडी पानं आणून देतात आणि मी तिची नक्कल करतो. पोथीची नक्कल करणं म्हणजे मोठं पुण्य. वडिलांना गहिवरून आलं.

पण पोथी म्हटली की सोवळं आलं. रोज पहाटे गार पाण्याने अंघोळ करायची, रेशमी मुकटा नेसायचा आणि देवासमोर पाटावर बसून त्या भानगडबाज नायिकेचं वर्णन करायचं. कचेरीतली विलायती शाई चालेना. तिच्यात काय घातलेलं असतं कोणास ठाऊक, असं वडील म्हणाले. मग बायकोने दिव्याची काजळी धरून शाई घोटून दिली. जगात दुसऱ्या कोणी सोवळ्याने कादंबरी लिहिली असेल असं मला वाटत नाही. एवढं सगळं करूनही हात चालत नव्हता. पाटावर बसून मी बोरूचं टोक तासत राही, आणि वडील झोपाळ्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, मुलगा आत नक्कल करतोय, हळू बोला.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आत्या देवघराच्या उंबऱ्याशी आली. तिथं सगळं थांबलं असतं तर ही हकिगत सांगायची वेळच आली नसती.

चातुर्मासात बायका काही ना काही नेम धरत. कोणी वांगं सोडी, कोणी पानावर जेवी, कोणी मौन धरी. आत्या बोलायची इतकी कमी की तिच्या मौनाचा कोणाला पत्ताच लागला नसता. ती एकभुक्त होती, दुपारी एकदाच जेवायची. तिचं पाणीसुद्धा निराळं. विहिरीवरून ते ती स्वतः काढी, दुहेरी फडक्यातून दोनदा गाळी, आणि निवळायला म्हणून रात्रभर ठेवी. मग सकाळी वरचंवरचं काढून घेई. ठाण्याच्या त्या विहिरीचं पाणी आरशासारखं होतं, तरी हिचं गाळणं चालूच. आम्ही तिची थट्टा करायचो. मी म्हणे, आत्या, गंगेलासुद्धा तू फडकं लावशील. ती हसायची आणि गाळत राहायची.

त्या दिवशी ती म्हणाली, "औंदा मी वाचनाचा नेम धरते आहे. फळीवरच्या बाकीच्या पोथ्या ऐकून ऐकून पाठ झाल्या. ती नवी आलीय ना, ती ऐकवशील? रोज एक अध्याय. तो कानावर पडल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही."

मी म्हणालो, "आत्या, ही गद्य आहे. ओव्या नाहीत हिला."

"नसेनात का," ती म्हणाली.

ओसरीवरून वडिलांचा आवाज आला, "कोणी रचली आहे रे?"

"कर्त्याचं नाव कुठे दिसत नाही," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

एकादशीला तिने देवापुढे संकल्पाचं पाणी सोडलं आणि नेम लागला. माझ्याजवळ दोन अध्याय कसेबसे तयार होते. ते दोन दिवसांत संपले. नायिका विधवा झाली, तिचे केस उतरवले, ती मूर्च्छित पडली. तिसऱ्या दिवशी मी सहज म्हणून सांगितलं की पुढची पानं मास्तरांकडून आलेली नाहीत. आत्या म्हणाली, "येतील तेव्हा येतील. तोवर मी जप करते." आणि माळ घेऊन बसली.

मी कचेरीत गेलो. मला वाटलं, दुपार झाली की भूक लागेल, वडील दोन शब्द सांगतील आणि बाई जेवेल. संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच उभी. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाईंनी पान घेतलं नाही." मुकटा गुंडाळून मी तसाच आत गेलो आणि दिवेलागणीपर्यंत लिहीत बसलो. अध्याय झाला. पण सूर्य मावळल्यावर ती जेवत नसे. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती बाई उपाशी राहिली, आणि तीसुद्धा माझ्या नायिकेच्या मूर्च्छेपायी. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मीही पानावर बसलो नाही.

तेव्हापासून माझी स्फूर्ती लख्ख झाली. चांदणं नको, ब्राह्मी नको. स्वयंपाकघराच्या दाराशी एक रिकामं पान वाट पाहत असलं की शब्द आपोआप सुचतात. रोज पहाटे उठून मी लिहायचो, कचेरीला जाण्याआधी वाचून दाखवायचो, आणि मग जेवून बाहेर पडायचो. प्रस्तावनेचं वर्षभर दळण दळणारा मी, आता श्रावण अर्धा होईतो नायिकेला सासरहून माहेरी, माहेरहून मामाकडे आणि मामाकडून पुन्हा सासरी घेऊन गेलो होतो. मास्तर रविवारी आले की मी त्यांना पानं दाखवी. ते म्हणत, अरे, इतकं भराभर लिहिलेलं चांगलं नसणार. त्यांचं शुद्धिपत्र तोवर आणखी वाढलं होतं.

वाचनाला आत्या उंबऱ्याच्या आत बसे. बायको स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐके, आणि मी तिच्याकडे पाहिलं की पळी आपटल्यासारखं करी. वडील झोपाळा थांबवून ऐकत आणि अधूनमधून "वा, काय रसाळ प्राकृत आहे" म्हणत. माझी कादंबरी मनापासून आवडलेला पहिला वाचक म्हणजे कादंबऱ्या जाळणारे माझे वडील. ही गोष्ट मी त्यांना मरेपर्यंत सांगितली नाही. पोथीवर रोज फूल पडे, बायको हळदकुंकू वाही, आणि पानांना तुपाच्या निरांजनाचे डाग पडत.

आत्याचे प्रश्न मात्र भारी विचित्र असत. नायिका बागेत चांदण्यात उभी राहून दैवाला पाच पानं दूषणं देते, हा माझा आवडता अध्याय. वाचून झाल्यावर मी मोठ्या आशेने वर पाहिलं. आत्या म्हणाली, "ही सकाळपासून जेवली आहे का?"

मी म्हणालो, "तिला दुःख झालंय, आत्या. ती कशी जेवेल?"

"दुःख झालं म्हणून कामं सुटत नाहीत," ती म्हणाली. "त्या घरी पाणी कोण भरतं?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या त्या भल्यामोठ्या वाड्यात सातआठ माणसं दळभद्र्यासारखी कट करत होती, पण पाणी कोण भरतं याचा मी विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी नायिकेच्या हाती घागर दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तांदूळ निवडायला बसवलं. हळूहळू तिचं मूर्च्छा येणं कमी झालं, कारण घागर घेऊन मूर्च्छा आली तर घागर फुटते, आणि मग आत्या विचारणार की नवी कोणी आणली.

आता इतकं होऊनही, ही माझी नायिका केस उतरवलेली, सोवळी आहे आणि ऐकणारी बाईही सोवळी आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं होतं का? नाव नको. विधवांच्या स्थितीवर मी मास्तरांशी मासुंद्याच्या काठी तास न् तास तावातावाने बोलायचो. त्यासाठी इंग्रजी मासिकं मागवायचो. घरी आत्या मागच्या दारी वाकून पाणी गाळत असे, तिच्या पाठीमागून मी हात धुवायला जायचो आणि म्हणायचो, आत्या, जरा सरक.

दिवाळी झाली आणि शेवट जवळ आला. मास्तर मुंबईच्या कोणा छापखानेवाल्याशी बोलून आले होते. त्याला विहीर पसंत होती. त्याने एवढंच सांगितलं की उडी मारण्याआधी नायिकेचं एक लांबलचक भाषण पाहिजे, वाचकाचा रुमाल भिजला पाहिजे. मी ते भाषण लिहिलं. इतकं हृदयद्रावक उतरलं की लिहिताना मला स्वतःला हुंदका आला, आणि वडील बाहेरून म्हणाले, भक्तिरस असा असतो.

कार्तिकी एकादशीला आत्याचा निर्जळी उपास. त्या दिवशी मी भाषण वाचलं. शेवटचा अध्याय द्वादशीला वाचायचा, मग पोथी बांधायची, नेम सोडायचा आणि तिने पारणं करायचं, असं ठरलं. द्वादशी त्या वर्षी आखूड होती. वडिलांनी पंचांग पाहून ठेवलं होतं. उन्हं ओसरीच्या पायरीवर येईतो पारणं झालं पाहिजे, नाहीतर एकादशी फुकट गेली. बायकोने पहाटेच चूल पेटवली. मी सोवळं नेसून पाटावर बसलो आणि वाचायला लागलो.

नायिका पहाटे उठली. वैशाख महिना होता. ती परसातल्या विहिरीवर गेली, पायऱ्या उतरली, आकाशाकडे पाहून हात जोडले आणि पाण्यात उडी घेतली. पाण्यावर वर्तुळं उठली आणि विरून गेली. इति.

मी पानं जुळवली. वर पाटी ठेवली. आत्या हलली नाही.

"पुढं वाच," ती म्हणाली.

"संपली, आत्या."

"ती संपली असेल. पोथी कशी संपेल? अशुभावर पोथी बांधत नाहीत."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडे पुराण सांगताना कोणाचा मृत्यू आला की पुराणिक तिथं थांबत नाही. रात्र झाली तरी पुढं सांगत जातो, काही मंगल आलं की मगच पोथी बांधतो. पोरासोरांनाही हे माहीत असतं. मी कादंबरी पोथी म्हणून खपवली आणि शेवट मात्र कादंबरीचा केला. बाहेरून वडीलही म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पुढचा अध्याय असणारच. मास्तरांनी पानं ठेवून घेतली असतील."

"नाहीत हो," मी म्हणालो. "एवढीच आहेत."

"मग मी बसते," आत्या म्हणाली, आणि तिने खरोखर मांडी नीट केली. आदल्या दिवसापासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओठ सुकले होते. स्वयंपाकघरातून वरणाचा वास येत होता. बायको दाराआडून माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत माझ्या वाङ्मयाबद्दल काडीचाही आदर नव्हता.

माझा संयम सुटला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आत्या, उगाच हट्ट करू नकोस. द्वादशी संपेल. ही पोथी नव्हे. ही मी लिहिली आहे."

"ते मला आषाढातच कळलं होतं," ती तितक्याच दबक्या आवाजात म्हणाली. "पोथीतल्या बायका स्वतःशी इतकं बोलत नाहीत. आणि मास्तर यायचे रविवारी, तुझी पानं मात्र रोज ओली असायची, बोटाला काजळ लागायचं. म्हणून तर तुलाच सांगते. तिला वर काढ."

"कशी काढू? ती बुडाली."

"वैशाखात?" ती म्हणाली. "पायऱ्यांच्या विहिरीत? पाणी गुडघ्याला लागतं."

मी म्हणालो, "तुला काय ठाऊक?"

तिने आवाज न चोरता, नेहमीच्या बोलण्यात सांगितलं. बाहेर वडिलांचा झोपाळा चालू होता; वडिलांना ती दादा म्हणे.

"मी गेले होते. कल्याणच्या आपल्या विहिरीत. केस उतरवून आणल्याला तीनचार महिने झाले असतील. उडी मारली, तर खाली गाळ. पाय रुतले. बसले तशीच. थोडी रडले. पाणी गार होतं, पायांना बरं वाटलं. मग वाटलं, पूजेचं पाणी न्यायचंय, दादा खोळंबला असेल. घागर भरली नि वर आले."

"मग?"

"मग काय? पाणी गढूळ आलं होतं. मीच गाळ ढवळलेला. दादाने पाहिलं नि सगळी घागर अंगणात ओतली. म्हणाला, डोळे फुटले का, जा, दुसरं घेऊन ये."

"आणि तू गेलीस? त्याच विहिरीवर?"

"दुसरी कुठे होती? दुसऱ्यांदा रडायला वेळ नव्हता. पूजा राहिली होती." तिने पदर सारखा केला. "कोणी विचारलं नाही लुगडं का भिजलं. मी पण सांगितलं नाही. तेव्हापासून पाणी तेवढं गाळून घेते."

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या होत्या. कधी थांबल्या, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी ओसरीकडे पाहायचं धाडस केलं नाही. माझ्या मांडीवर ते भाषण होतं, रुमाल भिजवणारं, आणि मला ते फाडून चुलीत घालावंसं वाटत होतं. पाणी चांगलं कढत झालं असतं.

"लिही," आत्या म्हणाली. "ऊन येतंय."

"काय लिहू?"

"तिला वर आण. आणि दुसऱ्यांदा पाठवू नकोस."

मी बोरू उचलला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, हे कबूल करायला आता मला काही वाटत नाही. अलंकार नाही, दैव नाही, चंद्र नाही. एवढंच लिहिलं की विहिरीत पाणी गुडघाभर होतं. ती वर आली. घागरीत गढूळ पाणी होतं. घरातल्यांनी ते पाहिलं आणि कोणी काही बोललं नाही. तिला कोरडं लुगडं दिलं. बस म्हणाले, जेव म्हणाले. पाणी दुसऱ्या कोणी तरी आणलं.

पुढं मास्तरांनी हा शेवट वाचला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, वर आली? मग एवढी कादंबरी कशाला वाचायची? शेवटी हाती काय लागलं, एक घागर पाणी? छापखानेवाल्यानेही तेच म्हणून बाड परत केलं. मास्तरांची प्रस्तावना मात्र त्यांनी पुढे स्वतंत्र छापून घेतली, तिचं चांगलं नाव झालं. माझी पोथी अजून बासनातच आहे.

पण ते नंतरचं. मी लिहीत असताना मागच्या दारी रहाटाचा आवाज आला. बायको तर माझ्यासमोर दारात उभी होती, आत्या उंबऱ्याशी. रहाट कोण ओढतंय हे पाहायला बायको वळली आणि चटकन बाजूला झाली. वडील ओलेत्याने आले. अंगावर ओला पंचा, विहिरीवर पुन्हा अंघोळ करून सोवळ्याने काढलेली घागर खांद्यावर. माझ्या आठवणीत त्यांनी कधी पाणी काढलं नव्हतं. धाप लागली होती, अर्धी घागर अंगावर सांडली होती. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन आत्याचं पान मांडलेलं होतं तिथं ते वाकले, तांब्या भरला, पानाच्या उजव्या बाजूला ठेवला, आणि तसेच खांबाला धरून उभे राहिले.

मी शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या. आत्या म्हणाली, "बांध आता." मी बासनाची गाठ मारली. उन्हं पायरीशी आली होती. ती उठली, पानावर जाऊन बसली, आणि बायकोने सवयीने गाळायचं फडकं पुढं केलं.

आत्याने ते घेतलं, घडी घालून बाजूला ठेवलं. तांब्या उचलला आणि तशीच पाणी प्यायली.